खोटीं नाणीं व त्यांची पारख

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत खोट्या नाण्यास 'कूटरूप' म्हटलें असून नाणीं पारखणाऱ्या अधिकाऱ्यास 'रूपदर्शक' असें नांव आहे. त्या काळचा कूटकार चालू नाण्याची नक्कल करी. आजचा, चलनांतून केव्हांच गेलेल्या नाण्याचीहि करतो. कारण जुन्या नाण्यांचा छंद वाढला आहे, आणि मोबाईलवर चित्र पाहून, पैसे आगाऊ धाडून, तीं घरबसल्या मागवितां येतात. विक्रेता दिसत नाहीं व नाणें हातीं घेतां येत नाहीं. अशा व्यवहारांत रूपदर्शकाचें काम गिऱ्हाइकानेंच करावें लागतें.

आम्हां सोलापूरकरांस या छंदाचें विशेष अगत्य असणें साहजिक आहे. औरंगजेबाच्या काळीं येथें टांकसाळ होती व तिचें नांव उमटलेले रुपये संग्राहकांस परिचित आहेत. त्याहून अधिक ओढ शिवराईची. एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' हीं अक्षरें पाहतांच मराठी माणसाचा हात खिशाकडे जातो, आणि लबाडास हें पक्कें ठाऊक असतें. शिवाय शिवराई पुढें पेशवाईंतहि पाडली जात असे. म्हणून खरी जुनी शिवराई देखील महाराजांच्या हयातींतलीच असेल असें नाहीं.

दुसरा फसवा प्रकार म्हणजे रामदरबार किंवा हनुमंत यांची मूर्ति, मागें 'ईस्ट इंडिया कंपनी' हीं अक्षरें व १८१८ हें साल असलेला अर्धा आणा. कंपनीनें असें नाणें कधींहि पाडलें नाहीं. पूजेकरितां रामटंके करण्याची चाल जुनी आहे. परंतु रामटंका हें चलनी नाणें नव्हे.

सोन्याच्या कसोट्या म्हणून घासणें, कापणें, तापविणें व ठोकणें हे चार उपाय आपल्याकडे प्रसिद्ध आहेत. नाण्यावर त्यांपैकीं एकहि करूं नये. चिंचेनें उजळण्याचाहि मोह टाळावा, कारण त्यावरील काळाची छटा हाच त्याच्या वयाचा दाखला होय. त्याऐवजीं वजन पाहावें. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या चांदीच्या रुपयाचें वजन ११.६६ ग्रॅम असे. सोनाराच्या कांट्यावर पाण्याचें पात्र ठेवून त्यांत रुपया दोऱ्यानें, तळास न टेकतां, बुडविला असतां सुमारें १.१३ ग्रॅम भार वाढला पाहिजे. हलक्या धातूचा तितक्याच वजनाचा रुपया यापेक्षां अधिक दाखवील. सांच्यांत ओतलेल्या नाण्यावर भिंगांतून बारीक छिद्रें व कडेला जोड दिसतो. मात्र १९३९ चा दुर्मिळ रुपया घेतांना वजनावर विसंबूं नये. दुसऱ्या सालच्या अस्सल रुपयाचा शेवटचा आंकडा बदललेला असल्यास वजन बरोबरच भरेल. तेथें आंकड्याभोंवतींच्या खुणा भिंगानें पाहाव्या.

पैसे देण्यापूर्वीं वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंसह कडेचेंहि छायाचित्र मागावें, व नाणें खोटें ठरल्यास परत घेण्याची लेखी हमी घ्यावी. या दोन्हींस टाळाटाळ करणाऱ्याशीं व्यवहारच करूं नये. घरांतील जुनें नाणें लाखो रुपयांस घेतों, आधीं कर व दलाली भरा, असा निरोप आल्यास तर बोलणेंच थांबवावें. आपलें नांव व चिन्ह वापरून अशी फसवणूक चालते, असा इशारा रिझर्व्ह बँकेनें ४ ऑगस्ट २०२१ रोजीं दिला होता.

मुलांना हा छंद लागल्यास मोडूं नये. त्यांना प्रथम वस्तुसंग्रहालयांत नेऊन खरीं नाणीं पुष्कळ दाखवावीं, मग आजोबांच्या पेटींतलीं हाताळूं द्यावीं, आणि विकत घेण्याची पाळी सर्वांत शेवटीं यावी.