बोलावे कोणी आणि केव्हा?

एकाच तारेवर वा एकाच रेडिओलहरीवर अनेक यंत्रे जोडली, म्हणजे पहिला प्रश्न उभा राहतो तो बोलण्याच्या पाळीचा. दोघांनी एकदम तोंड उघडले तर दोघांचेही शब्द फुकट जातात. हा गोंधळ आवरणाऱ्या नियमांस डेटा लिंक प्रोटोकॉल म्हणतात.

जुनी रीत पंतोजींची. आय. बी. एम. कंपनीने १९६७ मध्ये आणलेल्या पद्धतीत मुख्य यंत्र दूरच्या एकेका यंत्राला हाक मारून विचारी, "तुझे काही आहे काय?" ज्याचे नाव घेतले त्यानेच बोलावे. शिस्त उत्तम, पण ज्यांच्याजवळ सांगण्यासारखे काही नाही त्यांनाही विचारीत बसावे लागते, आणि पंतोजीच आजारी पडले तर शाळा बंद!

पाळी ठरली तरी मजकूर सुखरूप पोचेलच असे नाही. म्हणून पाठविणारा मजकुरावरून गणिताने काढलेला एक पडताळ्याचा आकडा शेवटी जोडतो. घेणारा तेच गणित करून पाहतो. जुळले तर पोच देतो. ठरल्या वेळात पोच आली नाही, की मजकूर पुन्हा रवाना होतो. येथे एक खोच आहे. समजा, "खात्यात शंभर रुपये जमा करा" हा निरोप पोचला, पण पोच वाटेत हरवली. निरोप पुन्हा जाईल आणि शंभराचे दोनशे होतील! म्हणून प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घालतात. तोच क्रमांक फिरून आला तर घेणारा पोच तेवढी देतो, मजकूर टाकून देतो. एका वेळी एकच तुकडा पाठवायचा असेल, तर ० आणि १ हे दोनच क्रमांक आलटूनपालटून पुरतात.

पंतोजींना रजा दिली ती हवाई बेटांनी. तेथील विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ मध्ये निरनिराळ्या ठिकाणची यंत्रे रेडिओने होनोलुलूच्या संगणकाशी जोडली. या योजनेचे नाव 'अलोहा'. नियम अगदी सैल: मनात आले की बोला; पोच आली नाही तर टक्कर झाली असे समजून, थांबून पुन्हा बोला. मात्र किती थांबायचे ते प्रत्येकाने फासे टाकल्यासारखे ठरवायचे. दोघे सारखेच थांबले, तर दारात 'आधी आपण' म्हणत अडलेल्या दोन पाहुण्यांसारखी गत व्हायची. या मोकळिकीची किंमत जबर होती. गणिताने पाहता लहरीची फार तर १८ टक्के शक्ती कामी येते. ठराविक ठोक्यावरच बोलू लागावे एवढे बंधन घातले, की ती दुप्पट होते.

१९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांनी 'इथरनेट'ची कल्पना मांडली. आधी कान द्या, शांतता असेल तरच बोला. बोलतानाही ऐकत राहा, टक्कर होताच थांबा. पुन्हा टक्कर झाली, तर थांबण्याची कमाल मुदत दुप्पट करा. मला यातील हे शेवटचे कलम फार आवडते. गर्दी किती आहे हे कोणी कोणास सांगत नाही. ज्याचे त्याला ते टकरींवरून उमगते.

आता कचेऱ्यांतून बहुधा प्रत्येक संगणकाला स्विचपर्यंत स्वतंत्र तार असते. तेथे टक्कर उरलेली नाही. वायफायची हवा मात्र सामायिकच आहे. तेथे बोलणाऱ्याला स्वतःच्या आवाजापुढे दुसऱ्याचे ऐकू येत नाही, म्हणून फासे बोलण्याच्या आधीच टाकावे लागतात.