होकस पोकस अँड द ऑल-न्यू सीक्वल

होकस पोकस अँड द ऑल-न्यू सीक्वल ही ए. डब्ल्यू. जांथा या नावाने जुलै २०१८ मध्ये प्रकाशित झालेली इंग्लिश किशोर-कादंबरी आहे. डिस्नेच्या ‘होकस पोकस’ (१९९३) या चित्रपटाला पंचवीस वर्षे झाली, त्या निमित्ताने ती निघाली. पुस्तकाच्या पहिल्या भागात चित्रपटाचीच कथा गद्यात सांगितली असून, नवे कथानक दुसऱ्या भागात येते.

पार्श्वभूमी

केनी ऑर्टेगा दिग्दर्शित मूळ चित्रपट हॅलोविनच्या (३१ ऑक्टोबर) रात्री घडतो. तो प्रदर्शित मात्र ऐन जुलैत झाला आणि तिकीटबारीवर फारसा चालला नाही. पुढे दर ऑक्टोबरला दूरचित्रवाणीवर दाखवला जाऊ लागल्यावर तो अमेरिकेतील घराघरांत पोहोचला. त्यात १६९३ साली फाशी दिलेल्या तीन सँडरसन भगिनी काळ्या ज्योतीची मेणबत्ती पेटताच तीनशे वर्षांनी सेलम गावात परततात. मॅक्स, त्याची धाकटी बहीण डॅनी आणि ॲलिसन त्यांना पहाटेपर्यंत झुंजवतात. सूर्योदयाबरोबर या चेटकिणी नष्ट होतात; परंतु अखेरच्या दृश्यात त्यांच्या मंत्रग्रंथावरचा डोळा उघडतो. पुढील भागाची अपेक्षा या उघड्या डोळ्याने जागवली होती.

कथानक व मूल्यमापन

उत्तरकथेची नायिका पॉपी ही मॅक्स आणि ॲलिसन यांची सतरा वर्षांची मुलगी आहे. सँडरसन भगिनी पुन्हा अवतरतात, आणि पॉपी व तिचे मित्र कुटुंबाला व गावाला वाचवू पाहतात. पॉपीला इसाबेला या मैत्रिणीविषयी वाटणारी ओढ हा कादंबरीतील खरोखर नवा धागा होय.

बाकी रचना ओळखीची आहे: तेच गाव, तीच रात्र, त्याच चेटकिणी. चित्रपटाची गंमत बेट मिडलर, कॅथी नजिमी आणि सारा जेसिका पार्कर यांच्या हावभावांत, लकबींत आणि गाण्यांत होती. कागदावर त्यातले थोडेच उतरते. संवाद तसेच राहतात, पण ते म्हणणारा आवाज जातो. चित्रपट तोंडपाठ असलेल्या वाचकाला तर पहिला भाग केवळ उजळणी वाटतो. मॅक्सला पित्याच्या भूमिकेत पाहण्याचे कुतूहल असते. तथापि कथेचा भार नव्या पिढीवर टाकल्याने जुनी पात्रे बाजूला पडतात.

चित्रपटाचा पुढील भाग

२०२२ मध्ये डिस्ने प्लसवर आलेल्या ‘होकस पोकस २’ ने (दिग्दर्शन: ॲन फ्लेचर) कादंबरीचे कथानक स्वीकारले नाही. तिन्ही मूळ अभिनेत्री त्यात परतल्या. पॉपीला मात्र त्यात स्थान नाही.