ससाण्याच्या अंगात पारा कोठून आला?

पेरणीआधी बियाण्याला औषध चोळले की बुरशीची काळजी मिटली, असे आपण समजतो. पण मातीवर उघड्या राहिलेल्या चार दाण्यांबरोबर ते औषध कोठवर जाते? शेतकरी बंधुभगिनींनो, स्वीडन देशातील ही हकिकत ऐका.

तेथे १९४० नंतर धान्याच्या बियाण्याला मिथिल पारा असलेले औषध लावू लागले. १९५० च्या दशकात दाणे टिपणारी पाखरे शेतात मरून पडू लागली. मागोमाग शिकारी पक्षीही घटले. बाज किंवा ससाणा तर दाणा खात नाही! मग शास्त्रज्ञांनी संग्रहालयांत जपलेल्या जुन्या बाजांची पिसे तपासली. शंभर वर्षे त्यांतील पारा जवळपास सारखाच होता. १९४० नंतर मात्र तो १० ते २० पटींनी वाढलेला निघाला.

त्याचे कारण सोपे आहे. मिथिल पारा शरीरातून फार हळू बाहेर पडतो. पाखरू रोज दाणे टिपते, पारा साठवते. ससाणा अशी कितीतरी पाखरे खातो. सगळ्यांची शिल्लक त्याच्या अंगात जमा होते, आणि मादीकडून ती अंड्यात उतरते.

पक्षी मरायलाच हवा असे नाही. त्याचा वंश आधी खुंटतो. अमेरिकेत छोट्या ससाण्यांना मोजून पारा मिसळलेले खाद्य दिले. त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. किलोभर कोरड्या खाद्यात अवघा ०.७ मिलिग्रॅम पारा असताना घरट्यातून उडून जाणारी पिल्ले स्पष्टपणे कमी झाली. ४.६ मिलिग्रॅमला अंडी घटली, उबवणे बिघडले आणि एकही पिल्लू उडाले नाही.

स्वीडनने १९६६ मध्ये या औषधावर बंदी घातली. पुढे बाजांच्या पिसांतील पारा उतरला. चूक वेळीच सुधारली तर निसर्गही साथ देतो.

माणसाने मात्र याहून मोठी किंमत मोजली. इराकमध्ये १९७१-७२ साली पेरणीसाठी आलेल्या पारा लावलेल्या गव्हाच्या भाकरी लोकांनी खाल्ल्या. काहींनी वरचा रंग धुऊन टाकला. विष गेले नाही. रुग्णालयांत ४५९ माणसे दगावली.

आपल्याकडे उसाचे बेणे बुडवण्यासाठी पारायुक्त औषध वापरात होते. त्यावर २०१८ मध्ये बंदी आली. तरी बियाण्याची इतर औषधे आजही विषारीच आहेत. म्हणून पेरलेले बी नीट झाका. सांडलेले दाणे गोळा करा. उरलेले बी धुऊनसुद्धा दळू नका, कोंबड्यांना टाकू नका. त्या पोत्यात धान्य भरू नका.

बांधावरचे घुबड रात्रभर उंदीर मारते आणि मजुरी मागत नाही. त्याच्या ढोलीत पिल्ले वाढली, तर राखण आपल्याच पिकाची होते.