काळोखात कोण बघतंय?

मंडळी, रापण ओढायला जो हात लावतो त्याला वाटा मिळतो, मग तो घरचा असो की वाटेने जाणारा. वाळूवर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मासळीचे वाटे पडतात. तिथे लबाडी जमत नाही, शेजारी बघत असतो.

बोट आत खोल गेली की बघणारं कोणी नसतं. एलईडी लावून मासेमारी करायला केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली. तरी रात्री उजेड दिसतोच. विचारलं तर उत्तर एकच, "तो लावतो म्हणून मी." आणि तो? तोही हेच सांगतो.

आपण वाईट माणसं नाही. डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार, बँकेचा हप्ता, सगळं मानेवर असतं. पण परवा आमच्यातल्याच एका बोटीतून बोटाएवढे बांगडे उतरले. एकदाही अंडी न घातलेले. आम्ही काय केलं? भाव विचारला. मोठ्या ट्रॉलरवाल्यांना शिव्या घालताना मात्र आमचाच आवाज चढा!

१ जून ते ३१ जुलै आपण बोटी बांधून ठेवतो. खरं सांगायचं तर, तेव्हा बाहेर गेलेला लगेच दिसतो, हेही त्याचं एक कारण.

रविवारच्या बैठकीला प्रत्येकाने आपल्या जाळ्याचा तुकडा आणावा. आस सगळ्यांसमोर मोजू. पहिला तुकडा आमच्या कमिटीवाल्यांचा.