शर्यतींतील पट्टे आणि न्याय

चारशें मीटरची शर्यत पाहतांना पुष्कळांना शंका येते: सर्वांत बाहेरच्या पट्ट्यांतील धांवणारा इतरांच्या पुढें कां उभा असतो? हा पक्षपात तर नव्हे?

वस्तुतः यांतच न्याय आहे. प्रत्येक पट्टा १.२२ मीटर रुंद असल्यामुळें बाहेरच्या प्रत्येक पट्ट्यागणिक एका फेरीचें अंतर सुमारें ७.६७ मीटरांनीं वाढतें. म्हणून आठव्या पट्ट्यांतल्यास पहिल्याच्या सुमारें ५३ मीटर पुढें उभें करतात.

परंतु अंतर समान झालें म्हणजे परिस्थिति समान झाली, असें नाहीं. आंतलें वळण आखूड असतें. तेथें तोल सांवरण्यांत अधिक शक्ति खर्च होते. बाहेरचें वळण सौम्य, पण तेथून प्रतिस्पर्धी दिसत नाहींत. पिस्तुलाचा आवाजहि पहिल्या पट्ट्यापासून आठव्यापर्यंत पोंचण्यास सेकंदाचा सुमारें सातवा हिस्सा घेतो. म्हणून मोठ्या स्पर्धांत प्रत्येकाच्या पाठीमागें ध्वनिक्षेपक ठेवतात. अंतिम फेरींत मधले पट्टे आधींच्या फेरींत सरस ठरलेल्यांस देतात आणि त्यांच्यांत चिठ्ठ्या टाकतात.

तथापि २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें दक्षिण आफ्रिकेच्या वेड व्हॅन नीकर्कनें आठव्या पट्ट्यांतूनच ४३.०३ सेकंदांत धांवून मायकेल जॉन्सनचा १९९९ सालचा ४३.१८ सेकंदांचा विक्रम मोडला. एका उदाहरणानें आठवा पट्टा निर्दोष ठरत नाहीं. पण शर्यतीचा निकाल पट्ट्यावरून आधींच ठरत नाहीं, एवढें त्यावरून खास म्हणतां येईल.