अंगठ्याला ठाऊक असलेली जागा

भाजीच्या गाडीसमोर पैसे द्यायला फोन काढला की आपला अंगठा आपसूक एका ठरावीक जागी जातो. डोळे अजून तराजूवर असतात, कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस चालू असते, आणि तेवढ्यात पैसे पाठवायचं ॲप उघडलेलंही असतं. आता त्याच फोनमधला तो आयकॉन उचलून ‘फायनान्स’ नावाच्या फोल्डरमध्ये टाका. पुढचे काही दिवस अंगठा जुन्याच जागी टेकेल, भलतंच ॲप उघडेल, मग पानं मागेपुढे सरकवून शोधाशोध सुरू होईल. फोन आवरलेला दिसतो, पण वापरणारा अडखळतो. असं का होतं, याचा उलगडा मानसशास्त्रातल्या गेल्या सत्तर वर्षांच्या प्रयोगांतून होतो. तो समजून घेतला तर होम स्क्रीन लावणं ही नुसती आवडीनिवडीची गोष्ट राहत नाही.

साठवणीवरचा उपाय

फोल्डरची कल्पना फोनपेक्षा बरीच जुनी आहे. झेरॉक्स कंपनीने १९८१ मध्ये ‘स्टार’ हा संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याच्या पडद्यावर कागद, फोल्डर, कपाट यांची छोटी चित्रं होती. कचेरीतल्या माणसाला ओळखीचं वाटावं, हा त्यामागचा विचार होता.

फोनवर फोल्डर आले ते मात्र जागा संपू लागली म्हणून. २००७ च्या पहिल्या आयफोनवर बाहेरची ॲप घेण्याची सोयच नव्हती. जुलै २००८ मध्ये ॲप स्टोअर सुरू झालं, तेव्हा त्यात सुमारे ५०० ॲप होती. पुढे संख्या भराभर वाढत गेली. फोनवर मात्र जास्तीत जास्त ११ पानं, दर पानावर १६ आयकॉन आणि तळाच्या ओळीत ४, म्हणजे सगळे मिळून १८०. जून २०१० मध्ये आलेल्या आयओएस ४ ने त्यावर तोड काढली. एक आयकॉन ओढून दुसऱ्यावर ठेवला की फोल्डर तयार, आणि एका फोल्डरमध्ये १२ ॲप. मर्यादा एका फटक्यात १८० वरून २,१६० वर गेली. ऑक्टोबर २०११ मध्ये अँड्रॉइड ४.० नेही आयकॉनवर आयकॉन ठेवून फोल्डर बनवण्याची हीच पद्धत दिली.

म्हणजे फोल्डरने सोडवला तो साठवणीचा प्रश्न. ठेवलेली वस्तू हवी तेव्हा पटकन हाती लागणं हा निराळा प्रश्न आहे, आणि त्याचे नियमही निराळे आहेत.

शोधणं वेगळं, ठाऊक असणं वेगळं

१९५२ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम एडमंड हिक यांनी दहा दिवे आणि दहा कळा घेऊन एक प्रयोग मांडला. जो दिवा लागेल त्याची कळ दाबायची. दिव्यांची संख्या वाढवली की वेळ वाढे, पण दुप्पट दिव्यांना दुप्पट वेळ लागत नसे. पर्याय दर खेपेला दुप्पट केले तर वेळेत साधारण सारखीच, छोटीशी भर पडे. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या रे हायमन यांच्या प्रयोगांनीही हेच दाखवलं. हा हिक-हायमन नियम आज पडद्यांची रचना शिकणाऱ्या प्रत्येकाला शिकवतात.

मात्र तो लागू पडायला एक अट आहे: कुठली गोष्ट कुठे आहे हे माणसाला आधीच माहीत हवं. २००७ मध्ये अँडी कॉकबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावरच्या मेन्यूंचा अभ्यास करून हा फरक स्पष्ट केला. नवखा माणूस एकेक नाव वाचत जातो, त्यामुळे यादी दुप्पट झाली की त्याचा वेळही जवळपास दुप्पट होतो. सरावलेला माणूस शोधतच नाही; जागा त्याला पाठ असते, त्याला फक्त निवड करायची असते. मग यादी वाढली तरी त्याचा वेळ थोडाच वाढतो. आयकॉनची जागा बदलली की हाच सरावलेला माणूस पुन्हा नवखा होतो.

हाताने खिळे जुळवून वर्तमानपत्र निघायचं, त्या काळच्या जुळाऱ्याची केस, म्हणजे खिळे ठेवायची घराघरांची पेटी, आठवा. देवनागरीसाठी शेकडो घरं, पण वारंवार लागणारी अक्षरं हाताजवळ आणि क्वचित लागणारी लांब. नजर मजकुरावर आणि हात बरोबर त्या त्या घरात. हा वेग एकाच गोष्टीच्या बळावर येई: कुठल्याही अक्षराचं घर बदलत नसे.

जागेची ही आठवण मेंदूत खोलवर रुजलेली असते. २०१५ मध्ये याएल बेन, ओफर बर्गमन आणि सहकाऱ्यांनी मेंदूचं काम टिपणाऱ्या एफएमआरआय यंत्रात माणसांना संगणकावरच्या फायली शोधायला लावल्या. फोल्डर उघडत उघडत फाइलपर्यंत जाताना मेंदूचे जे भाग सक्रिय झाले, ते आपण खऱ्या जगात वाट काढताना वापरतो तेच होते. नाव टाइप करून शोधताना मात्र भाषेशी निगडित भाग कामाला लागले. बोलता बोलता नेहमीच्या रस्त्याने घरी पोचता येतं, पण बोलता बोलता दुसरा शब्द आठवून लिहिणं जड जातं. पैसे देताना गप्पा चालू राहू शकतात, त्यामागे बहुधा हेच कारण असावं.

रंग आणि पायऱ्या

जागा पाठ नसेल तेव्हा डोळे आधार शोधतात तो रंगाचा. ॲन ट्रीझमन आणि गॅरी गेलाडे यांनी १९८० मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार एकच वेगळा रंग गर्दीतून आपोआप उठून दिसतो. रंग आणि आकार दोन्ही जुळवून पाहायचे असतील तर मात्र लक्ष एकेका वस्तूवर न्यावं लागतं. गूगलने २०२० मध्ये जीमेल, कॅलेंडर, ड्राइव्ह, मीट यांच्या आयकॉनना तेच चार रंग दिले, तेव्हा ते ओळखू येत नाहीत अशी तक्रार अनेकांनी केली. तिचं मूळ इथेच आहे. आयओएस १८ मध्ये सगळे आयकॉन एकाच छटेत रंगवायची सोय आहे. पडदा देखणा दिसतो, पण डोळ्यांचा एक भक्कम आधार जातो. फोल्डर बंद असताना आतली चित्रं इतकी बारीक होतात की तिथेही हेच घडतं.

दुसरी किंमत पायरीची. थॉमस लँडाउअर आणि डी. डब्ल्यू. नाकबार यांनी १९८५ मध्ये स्पर्शपडद्यावर ४,०९६ गोष्टींची यादी लावली. एका मांडणीत दर पायरीला दोन पर्याय आणि बारा पायऱ्या, दुसऱ्या टोकाला दर पायरीला सोळा पर्याय आणि तीनच पायऱ्या. दर पायरीला जास्त पर्याय आणि कमी पायऱ्या असलेली मांडणी वेगवान ठरली. हात पुन्हा पुन्हा हलवण्यापेक्षा एकदाच थोडी मोठी निवड करणं स्वस्त पडतं. म्हणून तीन-चार ॲपसाठी केलेला फोल्डर सहसा तोट्याचा सौदा असतो. रोजच्या वापराचं ॲप फोल्डरमध्ये गेलं की दिवसातून वीस-तीस वेळा आपण एक जादा स्पर्श करत राहतो.

तिसरी गोष्ट अंतराची. १९५४ मध्ये पॉल फिट्स यांनी लोकांना दोन पट्ट्यांवर आळीपाळीने लेखणी टेकवायला लावून दाखवलं की लक्ष्य जितकं लांब आणि लहान असेल तितका वेळ जास्त लागतो. स्टीव्हन हूबर यांनी २०१३ मध्ये सार्वजनिक ठिकाणी फोन वापरणाऱ्या १,३३३ जणांचं निरीक्षण केलं. पडद्याला स्पर्श करून काम करणाऱ्यांपैकी ४९ टक्के एकाच हाताने फोन वापरत होते. एका हातात पिशवी किंवा लोकलचा दांडा असेल तर दुसऱ्या हाताचा अंगठा सगळं काम करतो. त्याला सोपा पडतो तो पडद्याचा खालचा आणि मधला भाग. वरचा कोपरा मौल्यवान दिसत असला तरी अंगठ्यासाठी तो लांबचा गाव आहे.

नाव कामावरून द्या

आयफोनवर फोल्डर केला की फोन त्याला स्वतःहून नाव सुचवतो. ते ॲप स्टोअरमधल्या वर्गावरून आलेलं असतं: युटिलिटीज, प्रॉडक्टिव्हिटी, लाइफस्टाइल. ही विभागणी दुकानदाराची आहे. आपण फोन हातात घेतो तेव्हा मनात ‘युटिलिटी’ नसते. मनात असतं की गाडी किती वाजता आहे, विजेचं बिल भरायचंय, डॉक्टरांना रिपोर्ट दाखवायचाय.

लॉरेन्स बार्सालू यांनी १९८३ मध्ये अशा कामापुरत्या गटांचा अभ्यास मांडला. आग लागलेल्या घरातून आधी काय बाहेर काढाल? मुलं, दागिने, कागदपत्रं. या गोष्टी एकमेकींसारख्या मुळीच नाहीत, पण हेतू एक असल्याने मन त्यांना सहज एकत्र बांधतं. फोल्डरही असेच बांधावेत. ‘प्रवास’मध्ये तिकिटाचं ॲप, नकाशा आणि वाहन परवाना दाखवायला डिजिलॉकर. ‘बिलं’मध्ये वीज, गॅस, विमा. ‘दवाखाना’मध्ये भेटीची वेळ घेण्याचं, औषधांचं आणि रिपोर्टचं ॲप.

एकच ॲप दोन ठिकाणी शोभतं, तेव्हा काय करायचं? ग्रंथपालांपुढे हा पेच फार पूर्वीपासून आहे. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेली द्विबिंदू वर्गीकरण पद्धत पुस्तकाचे अनेक पैलू एकाच क्रमांकात मांडते. त्याआधी, १९३१ मध्ये, त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले होते. त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवायला सांगतो. ॲपच्या बाबतीतही पहिला प्रश्न तोच: मला हे कुठल्या घाईत लागतं? त्या फोल्डरमध्ये ते ठेवा. बहुतेक अँड्रॉइड फोनवर तर एकाच ॲपचा आयकॉन दोन ठिकाणी ठेवता येतो.

या सगळ्याचं सार थोडक्यात असं. रोज लागणारी ॲप खालच्या ओळींत, उघड्यावर. फोन, कॅमेरा आणि तातडीला लागणारं काहीही फोल्डरमध्ये नको. आठवड्या-महिन्याने लागणारी कामांच्या नावाच्या मोजक्या फोल्डरांत, आणि ते सगळे एकाच पानावर. वर्षातून एकदा लागणारी होम स्क्रीनवर नसली तरी चालतात. नाव टाइप करून ती सापडतात. वेळ खाणारी ॲप मात्र मुद्दाम शेवटच्या पानावर, फोल्डरच्या आत ठेवा. तिथे तो जादा स्पर्शच आपल्या बाजूने उभा राहतो. आणि एकदा लावलेलं हलवू नका.

आवरून देण्याआधी

हलवू नका हा नियम सर्वांत जास्त मोडला जातो तो घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर. जागा हलली की सरावलेलेही वैतागतात. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००० मध्ये कमी वापरलेल्या गोष्टी आपोआप लपवणारे मेन्यू दिले होते. लोक इतके वैतागले की पुढे ते मागे घ्यावे लागले. त्याआधी १९८९ मध्ये जेफ्री मिचेल आणि बेन श्नायडरमन यांच्या प्रयोगातही वापराप्रमाणे क्रम बदलणाऱ्या यादीपेक्षा बहुतेकांनी एका जागी राहणारी यादीच पसंत केली होती. संगणक रोज वापरणाऱ्यांची ही कथा. मग साठीनंतर स्मार्टफोन हाती घेतलेल्या आईचं काय होत असेल?

दिवाळीला आलेला मुलगा प्रेमापोटी तिचा फोन आवरतो. सहा फोल्डर, इंग्रजी नावं, पडदा लख्ख. तो गेल्यावर तिला भजनी मंडळाचा व्हॉट्सॲप गट सापडत नाही, पासबुकाचं ॲप सापडत नाही, आणि ‘मला मेलीला यातलं काही कळत नाही’ असं म्हणत ती फोन बाजूला ठेवते. कळत तिला सगळं होतं. तिने एकेक जागा कष्टाने पाठ केली होती, आणि ती पाठ केलेली वाटच आपण पुसून टाकली.

मदत करायचीच असेल तर शेजारी बसा. ‘आई, दिवसभरात काय काय उघडतेस?’ असं विचारा आणि ती काय, कसं उघडते ते काही न बोलता पाहा. जे जिथे आहे ते तिथेच राहू द्या. अनोळखी, नको असलेली ॲप तिला विचारून काढा, अक्षरं मोठी करा, फोल्डर हवाच असेल तर त्याला तिच्या तोंडचं नाव द्या. नवं ॲप टाकलं तर ते कुठे ठेवायचं हे तिलाच विचारा आणि तिच्याच बोटाने तिथे ठेवू द्या. वाकडीतिकडी दिसली तरी ती मांडणी तिची आहे, आणि तिच्याच जोरावर ती कुणाला हाक न मारता आपली कामं करते.