प्लीहा अर्थात पाणथरी

भाट्ये येथील गटसंमेलनात एका शिक्षकांनी प्रश्न केला. माडावरून घसरून पडलेल्या मुलास बाहेरून काही लागलेले दिसत नाही, परंतु डाव्या बरगडीखाली व डाव्या खांद्यात दुखते असे तो म्हणतो. त्यास घरी पाठवावे की कसे? घरी पाठवू नये, तडक रुग्णालयात न्यावे, हे त्याचे उत्तर. ते का, हे समजण्यासाठी प्लीहेची ओळख करून घेतली पाहिजे. फळ्यावर आपण हृदय, जठर व यकृत काढतो. प्लीहेचा बहुधा नामोल्लेखही होत नाही.

डाव्या कुशीत, जठराच्या मागे, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड हा जांभळट, मऊ अवयव असतो. प्रौढ माणसात तो साधारण मुठीएवढा असून त्याचे वजन अदमासे १५० ग्रॅम भरते. रक्तातील तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हातारी पेशी ताठर होते व प्लीहेतील अरुंद फटींतून तिला निसटता येत नाही. तेथील भक्षक पेशी तिला गिळतात आणि तिच्यातील लोह नव्या पेशींसाठी राखले जाते. खाडीकाठच्या मुलांना जाळ्याचा दृष्टांत चटकन पटेल. भेद इतकाच की, जाळे माशाचा आकार पाहते, प्लीहा पेशीचा लवचिकपणा पाहते. याखेरीज रक्तात शिरलेल्या जंतूंशी झुंजणारी प्रतिद्रव्येही येथे तयार होतात.

हिवतापाचे जंतू तांबड्या पेशींतच वाढतात, म्हणून वारंवार हिवताप आल्यास प्लीहेवरील भार वाढून ती फुगते. पाणथरी वाढली असे आपले लोक म्हणत, ते हेच. पूर्वी वैद्यकीय अधिकारी शाळेत येऊन दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पोटे चाचपून पाहत. शेकडा पन्नासांहून अधिक मुलांची प्लीहा हातास लागली, तर त्या गावी हिवतापाचा कायमचा व तीव्र वास आहे असे समजत. १९५३ साली देशव्यापी हिवताप नियंत्रण योजना सुरू झाली, त्या काळातही ही मोजणी उपयोगी पडली. आज निदान रक्त तपासूनच करतात.

प्लीहा रक्ताने भरलेली व नाजूक असते. पडल्याने, खेळातील धडकेने वा पोटावरील बुक्क्याने ती फाटते; वाढलेली असेल तर किरकोळ आघातही पुरतो. रक्तस्राव पोटाच्या आत होतो व लक्षणे कित्येकदा काही तासांनी, क्वचित काही दिवसांनीही दिसतात. मूल फिकट पडणे, घाम सुटणे, नाडी जलद चालणे ही धोक्याची चिन्हे होत. अशा वेळी पोट चोळू वा शेकू नये, खाणेपिणे देऊ नये; निजवूनच न्यावे. पाठीत धपाटा घालण्याची जुनी खोड ज्यांची अद्याप सुटली नसेल, त्यांनीही हे ध्यानी घ्यावे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने अशा शिक्षेस मनाई केलीच आहे.

प्लीहा काढून टाकली तरी मनुष्य जगतो. तिचे पुष्कळसे काम यकृत पत्करते. मात्र काही जंतूंपुढे शरीर दुबळे होते, म्हणून विशेष लसी टोचाव्या लागतात. असे मूल वर्गात असल्यास पालकांकडून तशी माहिती घेऊन ठेवावी, आणि त्यास ताप आला तर शाळा सुटेपर्यंत न थांबता पालकांस बोलावून डॉक्टरांकडे धाडावे.